शेततळ्याचा कागद घरच्या माणसांनी बदलायचा तर

सांगली जिल्ह्यातल्या कवठेमहांकाळ तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे आणि ती ३० बाय ३० मीटरच्या एका शेततळ्यावर उभी आहे. २०१६ साली ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली आणि आमच्याकडं, जतला, आटपाडीला माळामाळावर तळी दिसू लागली. आमचं तळं त्याच्याही आधीचं. त्यात आजवर दोनदा कागद, म्हणजे पाणी मुरू नये म्हणून अंथरायचं जाड प्लास्टिक, पडला. पहिला कंत्राटदारानं अंथरला, तो चौथ्या वर्षी गेला. दुसरा आम्ही भावकीतल्या लोकांना घेऊन पैऱ्यावर, म्हणजे एकमेकांच्या कामाला जाऊन, अंथरला, तो आठव्या वर्षीही पाणी धरून आहे. दोन्ही कागद ५०० मायक्रॉनचेच, म्हणजे अर्धा मिलिमीटर जाड. फरक होता तो खालच्या मातीत. पहिल्या वेळी जेसीबीनं खणलेल्या तळावर तसाच कागद ओढला होता. दुसऱ्या वेळी आम्ही पाच दिवस नुसत्या मातीवर काम केलं आणि एका सकाळी कागद अंथरला. म्हणून या लेखातही मातीला जास्त जागा दिली आहे.

कागद खरंच गेलाय का?

पाणी कमी होतंय म्हणजे कागद फाटला, असं लगेच धरू नका. एप्रिल-मेमध्ये आपल्या भागात उघडं पाणी रोज सेंटीमीटरभर उडून जाऊ शकतं. ३० बाय ३० मीटरच्या भरल्या तळ्यात एक सेंटीमीटर म्हणजे ९ हजार लिटर पाणी, तेही कुठंही न गळता.

खात्री करायची रीत सोपी आहे. बादलीच्या तळाला थोडी वाळू घाला, तळ्याचंच पाणी भरा आणि दोर बांधून ती काठाजवळ अशी सोडा की तीनचतुर्थांश पाण्यात बुडून उभी राहील. बादलीच्या आत पाण्याच्या पातळीला खूण करा, तळ्याच्या कडेलाही एक पट्टी रोवून खूण करा. तीन दिवस उपसा आणि भरणा, दोन्ही बंद. बादली आणि तळं सारखंच उतरलं तर ते ऊन आहे. तळं जास्त उतरलं तर गळती आहे.

गळती असेल तर पाणी उतरू द्या आणि कुठं थांबतं ते बघा. पातळी बादलीच्या चालीनं उतरायला लागली की भोक त्याच उंचीला, पाण्याच्या रेघेवर किंवा तिच्या किंचित वर असतं. मग पहाटे वारा नसताना त्या रेघेजवळ जिलेबीचा रंग घातलेलं पाणी हळूच सोडत काठानं फिरा. पाण्याखाली भोक असेल तिथं रंगाची दोरी आत ओढली जाते. एक-दोन भोकं असतील तर ठिगळ पुरतं, सगळा कागद बदलू नका.

बदलायची वेळ आली हे ओळखण्यासाठी उत्तरेच्या बांधाचा आतला उतार बघा. तो दक्षिणेकडं तोंड करून असतो, ऊन सर्वांत जास्त त्यालाच लागतं. पाण्याच्या रेघेवरचा तिथला कागद चिमटीत धरून दुमडा. घडीवर पांढरी रेघ उमटून तडकला, किंवा विणीच्या कागदाचा वरचा थर पापुद्र्यासारखा सुटला, तर आता ठिगळं लावून पैसे घालवू नका.

कधी करायचं

द्राक्षवाल्यांसाठी माझ्या मते एकच मोकळी फट आहे. एप्रिलची खरड छाटणी होऊन फुटवे निघाले, तळ्यातलं पाणी तळाला गेलं, तेव्हापासून मृगापर्यंत. त्यातही मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात दुपारनंतर वळवाचा वारा सुटतो, म्हणून अंथरण्याचा दिवस शक्यतो पहिल्या पंधरवड्यात धरा. म्हैसाळ किंवा टेंभू उपसा सिंचन योजनेच्या पाण्याचं आवर्तन कधी येतंय हे आधी विचारून ठेवा. अंथरलेला कागद पाण्यावाचून उघडा पडून राहणं सर्वांत वाईट.

मोजमाप

मूळ खोदाईच्या वेळी लिहिलेली मापं बघून कागदाची मागणी देऊ नका. चार-पाच वर्षांत तळ गाळानं भरतो, उतार ढासळतो, कोपरे गोल होतात. गाळ काढून उतार नीट केल्यावरच टेप धरा, आणि दोन माणसांनी धरा.

आमच्या तळ्याचा हिशोब देतो. वरचं तोंड ३० मीटर, खोली ३ मीटर, उतार दीडास एक, म्हणजे एक मीटर खोलीला दीड मीटर आडवं. त्यामुळं तळ २१ बाय २१ मीटर. उताराची तिरपी लांबी ५.४१ मीटर. ती गणितानं काढली तरी टेपनं दर बाजूला तीन ठिकाणी पडताळा. काठापासून कागदाची कड पुरायच्या चरापर्यंत ६० सेंटीमीटर, चरात खाली ५० आणि चराच्या तळावर ४०, म्हणजे दर बाजूला दीड मीटर जादा. आता बेरीज: २१, अधिक दोन उतार १०.८२, अधिक दोन्ही बाजूंचे ३. झाले ३४.८२ मीटर. आम्ही ३५ बाय ३५ चा कागद सांगितला. हिशोबाच्या खाली कधीच जाऊ नका. कागद जास्त झाला तर चरात जिरतो, कमी पडला तर काठावर ताणून उभा राहतो आणि तिथंच फाटतो.

मुरमात एकास एक उतार टिकतो. काळ्या मातीत दीडास एकच्या आत जाऊ नका. ती पावसात फुगते, उन्हात भेगाळते आणि उभा उतार कागदासकट खाली घेऊन येते.

कागद घेताना

आपण सगळ्यालाच कागद म्हणतो, पण दुकानात दोन प्रकार मिळतात. एक एकसंध एचडीपीई (पॉलिथिनचा एक प्रकार) फिल्म, दुसरा विणलेल्या पट्ट्यांवर थर दिलेला. विणलेल्या प्रकारासाठी आयएस १५३५१ हे भारतीय मानक आहे. तो क्रमांक आणि आयएसआय खूण कागदावरच छापलेली असली पाहिजे, नुसती बिलावर नको.

एकसंध फिल्म असेल तर जाडी वजनावरून कळते. ५०० मायक्रॉनच्या एक चौरस मीटर कागदाचं वजन ४७० ग्रॅमच्या आसपास भरतं. नमुन्याचा २० बाय २० सेंटीमीटरचा तुकडा काटेकोर कापून सोनाराच्या काट्यावर ठेवला तर १९ ग्रॅमच्या जवळपास यायला हवा. १५ आला तर तो ४०० मायक्रॉनचा माल आहे. विणलेल्या कागदात विणीच्या फटींमुळं हा हिशोब तंतोतंत लागत नाही. तिथं दर चौरस मीटरचं वजन बिलावर लिहून घ्या आणि तुकडा त्याच्याशी ताडा.

शक्य असेल तर सगळा कागद कारखान्यातूनच एका तुकड्यात जोडून मागवा. वाहतूक अवघड होते. ३५ बाय ३५ म्हणजे १२२५ चौरस मीटर, वजन पावणेसहा क्विंटल. पण बांधावरच्या धुळीत मारलेल्या जोडापेक्षा कारखान्यातला जोड केव्हाही बरा. शेतातच जोडायचा असेल तर वेल्डिंग यंत्रवाल्याला बोलवा. ते काम हौसेनं शिकण्यातलं नाही. त्याच्याकडून तीन गोष्टी मात्र करून घ्या. एक, रोज सकाळी काम सुरू करण्याआधी दोन फालतू तुकडे जोडून पकडीनं ओढून दाखवायचे. कागद ताणून फाटला पाहिजे, जोड उकलता कामा नये. दोन, जोडाच्या रेघा उतारावर वरून खाली आल्या पाहिजेत, आडव्या नकोत. तीन, दुहेरी जोड असेल तर मधल्या पोकळीत पंपानं हवा भरून पाच मिनिटं दाबाचा काटा उतरतो का ते बघायचं.

तळं रिकामं करणं आणि जुना कागद

शेवटचं फूटभर पाणी मडपंपानं काढा. चालू मोटरीचा पंप पाण्यात असताना कुणीही तळ्यात उतरायचं नाही, हे घरातल्या प्रत्येकाला बजावून सांगा. मोटर बंद करून फ्यूज काढून खिशात ठेवा.

गाळ फेकू नका. दोन दिवस वाळवून बागेच्या बोदावर (वेलींच्या वरंब्यावर) टाकला की चांगला मुरतो. गाळ निघाल्यावर कागद उतारावरून खाली असा दोन-दोन मीटरच्या पट्ट्यांत कापा आणि गुंडाळ्या करून वर काढा. घाई करू नका, कारण जुना कागद उचलताना तो कुठं आणि का फाटला हे कळतं. आम्ही प्रत्येक भोकाच्या जागी मातीत काडी रोवली. पूर्वेच्या उतारावर अकरा काड्या एका रेघेत आल्या. खणून पाहिलं तर खाली उंदराचं बीळ सरळ चाललं होतं.

काही जण जुन्या कागदावरच नवा अंथरतात. जुना कागद गादीसारखा चालतो हे खरं, पण जसाच्या तसा ठेवला तर खालची बिळं आणि ढासळलेली माती दिसत नाही, शिवाय दोन कागदांच्या मध्ये पाणी अडकून वरचा फुगतो. माझं मत असं की सगळा काढा, माती दुरुस्त करा, मग चांगले तुकडे तळावर आणि चराच्या कडेला अस्तर म्हणून परत टाका.

माती

इथं दिवस खर्च करा.

पहिलं काम मुळांचं. लव्हाळा हा कागदाचा सर्वांत मोठा शत्रू आहे. त्याचा कोंब टाचणीसारखा टोकदार असतो आणि ५०० मायक्रॉनच्या कागदातूनही वर येतो. नुसता खुरपून भागत नाही, खालची गाठ राहिली की पंधरा दिवसांत परत. जिथं लव्हाळा दिसेल तिथं वीतभर माती गाठींसकट उकरून लांब नेऊन टाका आणि तिथं गाळलेला मुरूम भरा. बांधाजवळ बाभूळ, सुबाभूळ किंवा उंबर असेल तर त्याची मुळं तळ्याकडं येतात. ती काठापासून मीटरभर मागं तोडा.

दुसरं बिळांचं. उंदीर, घूस, खेकडे. बीळ वरून बुजवून उपयोग नाही. टोकापर्यंत उकरा, ओली चिकण माती थराथरानं भरा आणि प्रत्येक थर धुम्मसानं ठोका. हे काम आमच्या काकीनं एकटीनं दोन दिवस बसून केलं आणि तिनं बुजवलेलं एकही बीळ आजवर परत उघडलेलं नाही.

तिसरं दगडांचं. माळरानावर मुरमात अणकुचीदार खडे असतातच. वर आलेले वेचा, अडकून बसलेल्यांची टोकं घणानं मोडा. मग उतारावरून अनवाणी चाला. जे पायाला टोचतं ते कागदाला टोचणार. डोळ्याला न दिसणारे खडे पायाला कळतात. सकाळ-संध्याकाळ तिरप्या उन्हात पुन्हा एकदा बघा, छोट्या टोकांच्याही सावल्या पडतात.

त्यानंतर सगळ्यावर हलकं पाणी मारा, वाफसा आला की ठोका. ओल्या चिखलावर ठोकलं तर माती धुम्मसाला चिकटून वर येते, कोरड्यावर ठोकलं तर नुसती धूळ उडते. शेवटी तळावर चाळलेल्या मातीचा किंवा बारीक वाळूचा दोन इंची थर द्या. उतारावर वाळू थांबत नाही. तिथं गाळाच्या मातीचा पातळ लेप हातानं फिरवा, जसं अंगण सारवतो तसं. तळ आणि उतार मिळतात तिथं धारदार कोन ठेवू नका, हातभर गोलाई द्या. कोपऱ्यांनाही तसंच. कोनात कागद जमिनीला टेकत नाही आणि पाण्याचं वजन आलं की तिथं ओढ बसते.

पावसाळ्यात तुमच्या तळ्याच्या खालून ओल येत असेल, आजूबाजूच्या विहिरींचं पाणी वर येत असेल, तर तळात एक उथळ चर काढून त्यात जाळी गुंडाळलेला भोकांचा पाईप आणि खडी घाला, वर वाळू द्या आणि पाईपचं तोंड उताराच्या बाजूला शेताबाहेर काढा. नाहीतर रिकाम्या तळ्यातला कागद खालच्या पाण्यानं भाकरीसारखा फुगून वर येतो.

चर

काठापासून ६० सेंटीमीटर सोडून चारही बाजूंनी ५० सेंटीमीटर रुंद, तेवढाच खोल. चराची आतली कडा फावड्यानं गोल करा. इथंच कागद वळतो. निघालेली माती चराच्या बाहेरच्या बाजूला ठेवा, आत ठेवली तर कागदाखाली सांडते.

अंथरण्याची सकाळ

आदल्या दिवशी अर्धी भरलेली साठ वाळूची पोती चारही बांधांवर ठेवून द्या. तोंडं सुतळीनं बांधलेली, तारेनं नाही. पोत्यात खडी नको. गठ्ठा उतरवताना जेसीबीच्या दातांवर गोणपाट बांधा आणि उचलायला साखळी नाही, पट्टा वापरा.

पावणेसहा क्विंटलला कमीत कमी वीस माणसं धरा. आम्ही पंचवीस होतो. ज्यांच्या तळ्याला आम्ही गेलो होतो तेच आमच्याकडं आले. कामाला पहाटे साडेपाचला हात लावायचा आणि नऊच्या आत चारही कडा चरात गेल्या पाहिजेत. याला दोन कारणं आहेत. पहिलं वारा. पहिल्या वेळी कंत्राटदाराच्या माणसांनी अकरा वाजता अंथरायला घेतलं, वावटळ आली आणि कागद शिडासारखा उठला. धरून राहिलेल्या एका पोराला तो चार पावलं ओढत घेऊन गेला. ते पोरगं वाचलं ते दैवानं. कागद उठला तर सोडून द्यायचा, धरायचा नाही, हे कामाच्या आधी सगळ्यांना सांगा.

दुसरं कारण उष्णता. एचडीपीई तापलं की पसरतं, गार झालं की आखडतं. दर मीटरला दर अंशाला साधारण ०.२ मिलिमीटर. ऐकायला किरकोळ वाटतं, पण ३५ मीटरच्या कागदात ४० अंशांचा फरक पडला की २८ सेंटीमीटर होतात. भर दुपारी काळा कागद चटका बसण्याइतका तापतो. तेव्हा तो ताणून बसवला आणि रात्री गार पाणी सोडलं तर वीतभराहून जास्त आखडतो आणि कोपऱ्यांत जमीन सोडून अधांतरी राहतो. म्हणून गारव्यातच अंथरायचा, आणि तेव्हाही ताणायचा नाही. हातात धरल्यावर सैल लाट दिसली पाहिजे.

वारा येतो त्या बाजूच्या, आमच्याकडं पश्चिमेच्या, बांधावर गठ्ठा लांबीनं उलगडा. ती कड आधी चरात टाकून पोत्यांनी दाबा. मग समोरच्या कडेला दर दोन-तीन मीटरवर गोणपाटाचा गोळा कागदात धरून त्याच्या मानेला दोर बांधा. कागदाला भोक पाडून दोर ओवू नका. दोर समोरच्या बांधावर न्या आणि एकाच्या आवाजावर सगळ्यांनी मिळून ओढा. मध्ये काही माणसं अनवाणी तळात राहून कागद वर उचलून पुढं देतात, तो जमिनीवरून फरफटत नेता कामा नये. पैंजण, कडी, विळे, बिड्या, सगळं काठावर.

समोरची कड चरात गेली की उरलेल्या दोन कडा. कोपऱ्यांत कागद जास्त होणारच, कारण सपाट चौकोन खड्ड्यात बसवताय. तो कापू नका. सगळी जादा एका मोठ्या घडीत गोळा करून उतारावर सपाट पाडा आणि पाण्याचा ओघ येतो त्याच्या विरुद्ध बाजूला वळवा. चारही चरांत आता पोती ठेवा, माती भरू नका.

पहिलं पाणी

त्याच दिवशी पाणी सोडा. पाईपच्या तोंडाखाली जुन्या कागदाच्या दोन घड्या टाका, धार एकाच जागी पडू देऊ नका. पाणी वीतभर चढेपर्यंत दोघांनी तळात चालून पायानं सुरकुत्या उताराकडं सारायच्या. पाण्याचं वजन पडल्यावर सुरकुती हलत नाही.

फूटभर झालं की थांबा, रात्रभर ठेवा. सकाळी बघा: कागद कुठं अधांतरी दिसतोय का, चरातून सरकलाय का. पोती असल्यामुळं तो हवा तेवढा आत येतो. मग मीटरभर भरा, पुन्हा एक रात्र. त्यानंतरच, गार सकाळी, चरात खडे नसलेली माती वीत-वीत थरांनी भरून ठोका. चर पहिल्याच दिवशी भरून टाकणं ही मी सर्वांत जास्त पाहिलेली चूक आहे. पाणी चढतं, कागदाला आत यायला वाव नसतो, आणि ताण उताराच्या मध्यावर येतो.

तळं काठोकाठ भरू नका. वर दीड फूट मोकळं ठेवा आणि जादा पाण्याला सांडवा द्या, नाहीतर एका मुसळधार पावसात पाणी चरामागं जाऊन बांधच खचेल.

बांधातून पाईप आरपार काढून काठावरून पाणी ओढण्याचा (सायफनचा) त्रास वाचवावा, असं बऱ्याच जणांना वाटतं. माझा सल्ला स्पष्ट नाही असा आहे. कागदाला पाडलेलं प्रत्येक भोक ही उद्याची गळती. पाईपच्या पाण्यातल्या टोकाचा फूटव्हॉल्व्ह हवा भरलेल्या ट्यूबवर तरंगता ठेवा, पाईप काठावरून घ्या, त्याच्याखाली कागदाची पट्टी टाका.

ठिगळ

कापून उरलेल्या कागदाची एक गुंडाळी सावलीत जपून ठेवा. पॉलिथिनला कुठलाच साधा गोंद धरत नाही. पंक्चरचं सोल्यूशन, एम-सील, सगळं आठवड्यात सुटतं. ठिगळ गरम हवेच्या बंदुकीनं आणि रुळानंच बसतं: जागा कोरडी, स्वच्छ, ठिगळ भोकाच्या चारही बाजूंनी १० ते १५ सेंटीमीटर मोठं, कोपरे गोल कापलेले. यंत्रवाला येईपर्यंत तात्पुरती ब्युटाइल टेप चालते.

दोर आणि कुंपण

कागद घातलेल्या तळ्यात पडलेलं माणूस पोहता येत असलं तरी बाहेर येऊ शकत नाही. ओल्या कागदावर शेवाळ धरतं, हात-पाय घसरतात, धरायला काही नसतं. आपल्या भागात अशी पोरं गेली आहेत, त्यांना काढायला उतरलेली मोठी माणसंही गेली आहेत. म्हणून पहिल्या पाण्याच्या आधी चारही बाजूंना बांधावर मजबूत खुंट रोवा आणि दर हातावर गाठ मारलेला जाड नायलॉनचा दोर पार तळापर्यंत सोडा. मधून मधून जुने टायर बांधा, त्यात पाय अडकवून वर येता येतं. काठावर हवा भरलेली ट्यूब कायम टांगलेली असावी. कुंपण पाच फुटांचं, जाळी जमिनीत वीतभर पुरलेली, म्हणजे कुत्री-डुकरंही आत येत नाहीत. त्यांच्या नख्या-खुरांनीच काठाचे कागद सर्वांत जास्त फाटतात. दाराला कुलूप आणि किल्ली घरात उंच खुंटीवर. दोर दरवर्षी मेमध्ये बदला, उन्हानं नायलॉनही कुजतं.

जुन्या कागदातला चांगला भाग मुरघासाच्या खड्ड्याला किंवा कडब्याच्या गंजीवर वापरा, उरलेला भंगारात किलोवर जातो. बांधावर जाळू नका.

पुढं रोजचं काम थोडंच. तळं कधीही पूर्ण रिकामं करू नका, दोन फूट पाणी वजनाला ठेवा. पहिल्या मोठ्या पावसानंतर बांधावरून एक फेरी मारा. चराची माती कुठं ना कुठं खचलेली असतेच. तिथं दोन घमेली माती टाकून ठोका आणि बांधावर लव्हाळ्याचं पातं दिसलं तर तेव्हाच गाठीसकट उपटा.